दोन भागांचा सागवानी पलंग: तीन वर्षं वापरल्यानंतर

पलंग जुन्या सागवानाचा आहे. रुंदी पाच फूट, लांबी सव्वासहा फूट, उंची दीड फूट. मधोमध त्याचे दोन भाग होतात. प्रत्येक भागाला खाली चार रबरी चाकं आहेत आणि एक खण आहे, त्याला स्वतःचं कुलूप. भाग जोडले की खालून दोन लोखंडी आकडे अडकवायचे. वर चादर घातली की बघणाऱ्याला नवरा-बायकोचा साधा डबल बेड दिसतो. २०२२ च्या जुलैत तो आमच्या घरी आला. आता तीन वर्षं वापरून झाली, म्हणून लिहिते आहे.

ज्यांनी बनवला त्या मिस्त्रीकाकांचं नाव आणि गाव देत नाही. यवतमाळ जिल्ह्यातला एक तालुका, एवढंच पुरे. त्यांच्या नावावरून माझं घर शोधायला कुणाला अर्धा तासही लागणार नाही. पण मापं सगळी देते. कोणत्याही चांगल्या सुताराला ती दाखवली तर तो असा पलंग करून देईल.

असा पलंग कशाला लागतो, ते आधी सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेबाला आहे. आम्ही दोघं २००९ मध्ये यवतमाळला डी.एड.ला एका वर्गात होतो आणि तेव्हापासूनचे मित्र आहोत. तो गे आहे, मी लेस्बियन आहे. हे आम्ही एकमेकांना नऊ वर्षं सांगितलं नव्हतं. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने कलम ३७७ बद्दलचा निकाल दिला, की समलिंगी संबंध हा गुन्हा नाही. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. "तू बातम्या पाहिल्या का?" मी म्हटलं, "पाहिल्या." बराच वेळ दोघंही गप्प. मग तो म्हणाला, "ती बातमी माझ्यासाठी आहे." मी म्हटलं, "माझ्यासाठीपण." त्यापुढे आम्ही दोघंही रडलो, एवढंच आठवतं.

मला तोवर तीन स्थळं सांगून आली होती आणि मी तिन्ही नाकारली होती. चौथ्याला होकार दिला असता तर काहीही माहीत नसलेल्या एका माणसाचं आयुष्य मी वाया घालवलं असतं. त्याच्या घरीही पोरी पाहणं सुरू होतं. त्याची तीच भीती होती. २०२० च्या डिसेंबरात, पन्नास माणसांच्या मर्यादेत, आमचं लग्न झालं. दोन्ही घरांना फार आनंद झाला. त्यांना आम्ही खरं सांगितलेलं नाही. हे मला रोज टोचतं आणि ते लिहिल्याशिवाय पलंगाबद्दल लिहिणं मला बरोबर वाटत नाही.

लग्नात सासरकडून तालुक्याच्या एका दुकानातला बॉक्स बेड आला. प्लायचा, सनमायका लावलेला, सहा बाय सव्वासहा, एकसंध. त्याच्या खोक्यात गाद्या आणि गोधड्या ठेवायची सोय चांगली होती. पहिल्याच पावसाळ्यात एका बाजूचा प्लाय फुगला, पण आमची अडचण ती नव्हती. आम्ही भाड्याच्या घरात राहतो. दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, एक भिंत घरमालकांच्या घराला लागून. गावात कुणी दार वाजवून थांबत नाही. "बाई आहेत का घरी?" असं म्हणतच माणूस आतल्या खोलीपर्यंत येतो. म्हणून दोघांची झोपायची जागा एकच दिसली पाहिजे. दीड वर्षं तो खाली फरशीवर सतरंजी टाकून झोपला. सीझनमध्ये, कापूस आला की, जिनिंगमधून रात्री अकरा-बाराला यायचा आणि पहाटे पाचला उठून सतरंजी गुंडाळून ठेवायचा, कारण दूधवाला साडेपाचला येतो. त्याची पाठ धरली. मी वर गादीवर पडून छताकडे बघत राहायचे. मी खाली झोपते म्हटलं तर तो ऐकायचा नाही. सोयीचं लग्न म्हणतात याला. त्या दीड वर्षात आमच्या दोघांपैकी एकाचीही रात्र सोयीची गेली नाही.

मग माझ्या बाबांनी आजोबांचं धाब्याचं घर पाडलं. त्यातून सागवानी तुळया निघाल्या, धुराने काळ्या झालेल्या. बाबा म्हणाले, "तुमचा पलंग खराब झाला म्हणतेस, तर हे लाकूड घेऊन जा. आजोबांचं आहे, तुझ्या घरी राहील." मिस्त्रीकाकांकडे तुळया टाकल्या. त्यांनी एका टोकाला रंधा मारला. काळ्या थराखालून मधासारखा रंग वर आला आणि पूर्ण अंगणात सागवानाचा वास सुटला. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "मॅडम, असं लाकूड आता पैशानं भेटत नाही."

मी त्यांना सांगितलं, दोन दिवाण करा, पण जोडले की एक दिसले पाहिजेत. का, ते सांगितलं नाही. पाहुणे येतात, खोली लहान आहे, असं काहीतरी म्हटलं. त्यांनी वहीत चित्र काढलं, तीन-तीन फुटांचे दोन भाग. मग पेन्सिल कानावर ठेवली आणि विचारलं, "दार किती हाय?"

मला कळलं नाही. मी म्हटलं, "कोणतं दार?"

"आतल्या खोलीचं. पलंग खोलीत जोडला अन् तिथंच ठेवला तर दाराचं काही काम नाही. पण हा रोज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेआचा दिसते." मी गप्प बसले. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "तुमी सांगू नका, मी इचारत नाही. पण दार मोजा लागन."

मी घरी जाऊन मोजलं. चौकटीच्या आत दोन फूट आठ इंच. तीन फुटांचा दिवाण त्यातून निघालाच नसता, रोज आडवा करून काढावा लागला असता. म्हणून प्रत्येक भाग अडीच फुटांचा ठरला, दोन्हीकडून इंच-इंच सुटा. दोन्ही मिळून पाच फूट. ज्यांना असा पलंग करायचा आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की लाकूड बघायच्या आधी दार मोजा. चौकटीच्या बाहेरून नाही, आतली मोकळी जागा.

उंबरठ्याचं मला सुचलंच नव्हतं, तेही काकांनीच काढलं. चाकं उंबरठ्यावरून जात नाहीत. त्यांनी उरलेल्या लाकडाचे दोन उतार करून दिले, उंबरठ्याच्या दोन बाजूंना ठेवायचे आणि सकाळी उचलून पलंगाखाली सरकवायचे. त्याचे पैसे घेतले नाहीत.

डोक्याकडची फळी त्यांनी पलंगाला लावलीच नाही. पाच फुटांची एक अखंड फळी भिंतीला ठोकली. दोन्ही भाग तिला टेकून उभे राहतात. लोक त्या फळीकडे बघतात आणि पलंग एक आहे असं समजतात. मला ही युक्ती सगळ्यात आवडली. एक भाग बाजूच्या खोलीत गेला की फळीचा अर्धा भाग उघडा पडतो, पण रात्री ते बघायला कुणी येत नाही.

खर्च लिहून ठेवला होता, तसाच देते. आरा मशीनवर चिराई १,८००. मजुरी ११,०००. जुन्या लाकडात खिळे निघाले आणि करवतीचे दात गेले, त्याची धार लावणं मजुरीतच धरलं. आठ चाकं १८० प्रमाणे १,४४०. आकडे, कड्या, दोन कुलुपं ९००. पॉलिश २,४००. गाद्या कापसाच्या, रुई नवऱ्याने जिनिंगमधून घेतली, बारा-बारा किलो, कापड आणि शिवण्याची मजुरी धरून दोन्हींचे २,८००. सगळे मिळून २०,३४०. लाकूड घरचं होतं, ते विकत घ्यायचं तर रक्कम बरीच वाढेल. काम दीड महिन्यात देतो म्हणाले, लागले अडीच, कारण लग्नसराईत त्यांच्याकडे आंदणाच्या पलंगांची रांग होती. घाई असेल तर मार्च ते जून या महिन्यांत ऑर्डर देऊ नका.

आता वापर. रात्री जेवणं झाली, पुढचं दार लागलं की आम्ही आकडे काढतो. त्याचा भाग समोरच्या खोलीत जातो. उतार ठेवण्यापासून चादर घालण्यापर्यंत चार मिनिटं लागतात. सकाळी परत चार मिनिटं. पहिल्या रात्री तो त्याच्या खोलीत गेला, मी माझ्या. मध्ये दार उघडंच होतं. अंधारातून तो म्हणाला, "झोपलीस का?" मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "मीपण नाही. पण बरं वाटतंय." दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी साडेआठपर्यंत झोपले. लग्नानंतर एवढी झोप मला कधीच लागली नव्हती.

उन्हाळ्यात मात्र भाग बाहेर नेता येत नाही. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो आणि कूलर एकच आहे. तेव्हा दोन्ही भाग एकाच खोलीत, मध्ये हातभर अंतर ठेवून, दोन्ही कूलरसमोर. मला वाटलं होतं हे दोन महिने जड जातील. उलट याच रात्री आम्ही सगळ्यात जास्त बोलतो. वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर, आणि तो मला त्याच्या माणसाबद्दल सांगतो. तो माणूस अमरावतीला असतो, त्याच्या घरी त्याचंही लग्न जमवून राहिले आहेत. मी नागपूरला असलेल्या माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. लोकांसमोर मी त्याला "अहो" म्हणते. या रात्री "तू" म्हणते, डी.एड.ला म्हणायचे तसं. जोडलेल्या पलंगावर हे बोलणं झालं नसतं. हातभर अंतर असलं तरच आम्हाला मोकळं बोलता येतं.

दोन खणांना दोन कुलुपं लावायची कल्पना त्याची. माझ्या खणाची किल्ली माझ्याकडे, त्याच्या खणाची त्याच्याकडे, दुसरी किल्ली कुणाकडेच नाही. त्याच्या खणात काय आहे ते मी तीन वर्षांत पाहिलेलं नाही. माझ्यात तिच्या दोन साड्या आहेत, काही पत्रं, आणि बँकेचा एक कागद. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडीदारांना एकत्र खातं उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. ते वाचून मी माझ्या एका बचत खात्यावर तिला नॉमिनी केलं. त्या कागदाची झेरॉक्स खणात आहे. कोर्टाने आम्हाला लग्नाचा हक्क दिला नाही, पण एका कागदावर माझ्या नावाखाली तिचं नाव छापलेलं आहे.

उणिवाही आहेत आणि त्या मी लपवणार नाही. सुरुवातीला काकांनी प्लास्टिकची चाकं लावली होती. फरशीवर त्यांची गडगड भिंतीपलीकडे ऐकू जायची. आठ दिवसांत घरमालकीण काकूंनी विचारलं, "रोज रात्री काय सरकवता हो?" मी म्हटलं, कूलरसमोर घेतो. जुलै महिना होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण माझ्या हाताला घाम सुटला. रबरी चाकं लावल्यावर आवाज गेला. वर दिलेला हिशेब रबरी चाकांचाच आहे, तेव्हा तुम्ही पहिल्यापासून तीच लावून घ्या. पावसाळ्यात खण फुगून अडकतात, मेण चोळावं लागतं. मधली फट गादीतून जाणवते. दोन्ही गाद्यांवर एक जाड गोधडी आडवी टाकली तर कमी जाणवते, पूर्ण जात नाही. आणि वजन खूप आहे. नवरा घरी नसला तर एकटीला भाग उंबरठ्यावरून नेता येत नाही.

सासूबाई २०२३ च्या महालक्ष्म्यांना आल्या होत्या. ज्येष्ठा-कनिष्ठा आमच्याकडे त्यांच्याच घरच्या, त्या वर्षी प्रथमच इथे बसवल्या. दुपारी त्या पलंगावर बसून वाती वळत होत्या. कापसाचा पेळू हातातून सुटला आणि खाली गेला. त्या वाकल्या. मी आंबील ढवळत होते, स्वयंपाकघरातून मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. त्या बराच वेळ वर आल्या नाहीत.

"पलंगाले चाकं काऊन लावले वं?"

मी म्हटलं, "झाडायला सोपं जातं, आई."

आकडा काढल्याचा आवाज आला. मग परत अडकवल्याचा. त्या वर आल्या, पेळू झटकला आणि पुन्हा वाती वळायला लागल्या. पाचेक वाती झाल्यावर म्हणाल्या, "माही अन् तुया सासऱ्याची बाज वेगळीच होती. पोरं झाल्यावर." शेवटचे तीन शब्द त्यांनी माझ्याकडे बघून म्हटले. संध्याकाळी त्यांनी दारामागे उभी असलेली उरलेली सागवानाची फळी पाहिली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "याचा पाळणा करून घे त्या मिस्त्रीकडून. लाकूड चांगलं हाय."

मूल नको, हे आम्ही लग्नाआधीच ठरवलं होतं. त्या रात्री त्या आमच्या खोलीबाहेर झोपल्या आणि आम्ही दोघं जोडलेल्या पलंगावर, मधल्या फटीच्या दोन बाजूंना, सकाळपर्यंत जागे होतो. मी त्यांना काय समजलं असेल याचा विचार करत होते. तो पाळण्याचा करत होता. आजवर आम्हा दोघांनाही नक्की कळलेलं नाही, की त्यांनी तो आकडा अडकवला तो आमच्यासाठी, की चुकून सुटला म्हणून.

त्यानंतर महिन्याने, १७ ऑक्टोबर २०२३ ला, सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. नवऱ्याची झोप गेली. त्याच्या खोलीतून रात्रभर कूस बदलल्याचा आवाज यायचा. सागवान करकरत नाही, पण आकडे हलतात. पंधरा दिवसांनी मी त्याच्याशेजारी बसून १४४१६ वर फोन लावून दिला, टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. तो तीनदा बोलला आणि मग यवतमाळला डॉक्टरकडे गेला. ही पलंगाची तारीफ नाही. पलंग फक्त जागा देतो, झोप दुसरीकडून आणावी लागते, हे आम्हाला तेव्हा कळलं.

ती नागपूरला नर्स आहे. तीन वर्षांत ती अकरा रात्री इथे राहिली. गावात सगळ्यांना माहीत आहे की बाईंची डी.एड.ची मैत्रीण आहे, तशी ती आहेही. त्या रात्री नवरा त्याचा भाग बाहेर नेत नाही. तो समोरच्या खोलीत सतरंजी टाकतो, पाठीचं दुखणं असूनही, आणि मी कितीही सांगितलं तरी ऐकत नाही. आतून कडी लावायच्या आधी तो स्वतः वाकून आकडे नीट अडकलेत ना ते बघतो. पहिल्यांदा तिने चादरीवरून फटीच्या रेषेवर बोट फिरवलं आणि विचारलं, "इथून तुटतो?" मी म्हटलं, "इथून सुटतो." सकाळी सव्वापाचला ती समोरच्या खोलीत जाऊन बसते, चहा मागते, आणि दूधवाला आला की "काकू" म्हणून घरमालकिणीला हाक मारते. हे सगळं तिला फार जमतं आणि मला बघवत नाही.

ज्यांच्या घरी असंच लग्न ठरत आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहिते. झोपायची सोय लग्नाआधी ठरवा, आमच्यासारखी दीड वर्षाने नको. मुलाचं आधी बोला, पैशाचं आधी बोला, तुमच्या दोघांच्या माणसांना समोरासमोर बसवून बोला, कारण जास्त सोसायचं त्यांनाच आहे. वेगळं व्हायची वेळ आली तर हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीने घटस्फोट मिळतो, पण त्यासाठी आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. हे वकिलाकडून लग्नाआधीच समजून घ्या. आम्ही घेतलं होतं. त्या दिवशी वकिलाच्या पायऱ्या उतरताना आम्ही पहिल्यांदा एकमेकांचा हात धरला होता, घाबरून.

पलंगाचं लाकूड अजून एका ठिकाणीही हललेलं नाही. मागच्या महिन्यात मिस्त्रीकाका घरावरून जात होते, पॉलिश बघायला आत आले. दोन्ही भागांचे सांधे हाताने दाबून पाहिले, एका चाकाचा स्क्रू पिळला. दारामागची फळी पाहिली आणि म्हणाले, "हिचं काई कराचं हाय का?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही. ते म्हणाले, "भिंतीले लावून ठेवू नका, ओल धरन," आणि फळी उचलून त्यांनी पलंगाखाली, उतारांच्या शेजारी, आडवी ठेवून दिली.